शाईचा वाटा

अप्पांना दिसेनासं झालं ते थोरलीचं पुस्तक घरी आलं त्याच दिवशी. हा योग कुणाच्या ध्यानात आला नाही. यायला हवा होता तो थोरलीच्या, पण ती त्या दिवशी अशी हवेत होती की पायाखालून घर सरकलं असतं तरी बाईंना पत्ता लागला नसता.

पुस्तक तिनं लिहिलेलं नव्हतं. कुणा निवृत्त न्यायाधीशाच्या आठवणी होत्या त्या, आणि ज्याला झोप येत नसेल त्यानं जरूर वाचाव्यात अशा होत्या. थोरलीची होती ती त्यातली अक्षरं. म्हणजे मुळात अप्पांची. शिशातून संगणकात आणली ती थोरलीनं.

अप्पा उभा जन्म टाइप ओतण्याच्या कारखान्यात अक्षरं काढायला होते. लोक नकाशे काढतात, इमारती काढतात, तसं हे गृहस्थ ए-बी-सी-डी काढायचे, आणि तेवढ्यासाठी त्यांना पगार मिळायचा, ह्याचं शेजाऱ्यापाजाऱ्यांना शेवटपर्यंत नवल वाटत राहिलं. आयुष्यात त्यांनी स्वतःचा म्हणावा असा एकच टाइप पुरा केला. रोमन लिपीचा, जुन्या वळणाचा, सेरिफचा. सेरिफ म्हणजे अक्षराच्या टोकांना असतात त्या छोट्या आडव्या टाचा. ‘उभं राहायचं तर टाच टेकायला नको?’ असं अप्पा विचारायचे, आणि टाचा नसलेली नवी अक्षरं दिसली की तोंड वाकडं करायचे.

टाइपाला त्यांनी बायकोचं नाव दिलं. लोक बायकोला दागिना करतात, ह्यांनी बायकोच्या नावानं शिसं ओतलं. आई त्याच कारखान्याच्या छापखान्यात मुद्रितं तपासायला होती. ती म्हणायची, ‘शिसं तर शिसं. निदान चोर तरी नेणार नाही.’ पण मनातून ती खूश होती. टाइप तिच्यासारखाच होता, हे कारखान्यात सगळ्यांना दिसत होतं. छोट्या ‘ए’चं पोट जरा सुटलेलं. ‘ओ’ किंचित मागे रेललेला, जसं कुणी तरी बोलणाऱ्याचं ऐकून घ्यायला खुर्चीत मागे टेकतं. ‘आर’नं पाय जरा ऐसपैस टाकलेला. अंगानं भरलेला, काळाभोर, ठेंगणा. जाड रेघ आणि बारीक रेघ ह्यांत फरक होता, पण भांडण नव्हतं. वाचता वाचता अक्षराकडे लक्षच जायचं नाही, माणूस थेट मजकुरात शिरायचा. आई घरात असली की घर कसं आपोआप चालायचं, आणि ती दोन दिवस कुठे गेली की मग कळायचं, तसंच.

त्या अक्षरात शब्दकोश निघाला, कायद्याची जाडी जाडी पुस्तकं निघाली, औषधांच्या बाटल्यांवरची चिठ्ठी छापली गेली. शाळेची इंग्रजी वाचनमाला तर इतकी वर्षं त्यातच होती की अर्धं गाव त्या अक्षरांवर इंग्रजी वाचायला शिकलं. मग शिशाचा जमाना गेला. कारखान्याची यंत्रं भंगारात निघाली, शिशाची सुटी अक्षरं, म्हणजे खिळे, वितळवून कुणी गाडीच्या बॅटऱ्या केल्या, आणि शाळेच्या पुस्तकांत बिनटाचांची अक्षरं आली. अप्पा वरवर काही बोलले नाहीत. पण नातवाचं पुस्तक हातात आलं की ते उलटं करून ठेवायचे.

थोरली त्याच धंद्यात शिरली, फक्त संगणकावरच्या. आई गेली तेव्हा तिनं ठरवलं, आईचा टाइप परत उठवायचा. अप्पांच्या ट्रंकेत मूळ चित्रं होती, एकेक अक्षर ताटाएवढं, कागदावर काळ्या शाईनं भरलेलं. थोरलीनं ती एकेक करून उतरवली. वळणाचा केसही इकडचा तिकडे होऊ दिला नाही. आईच्या आजारपणात केली नसतील इतकी जागरणं तिनं त्या अक्षरांसाठी केली, आणि आजारपणातही काही कमी केली नव्हती.

मध्यंतरी एकदा अप्पांनी तिच्या खांद्यावरून वाकून विचारलं होतं, ‘जुनी पुस्तकंही बघतेस ना गं? छापलेली?’

‘हातच्या काकणाला आरसा कशाला, अप्पा?’ थोरली पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. ‘छापलेलं म्हणजे डागाळलेलं. कुठे शाई फुटलीय, कुठे खिळा झिजलाय. तुमच्या हातचं अस्सल माझ्यापुढे आहे.’

अप्पा सुखावले आणि चहा टाकायला गेले.

टाइप तयार झाला, तशी त्याची वाहवा झाली. धंद्यातल्या लोकांनी भिंतीएवढे फलक करून लावले. काय ती नजाकत, काय तो बांधा, असं ज्यानं त्यानं म्हटलं. शाळेची पुस्तकं काढणाऱ्या कचेरीतल्या बाईंनी तर स्वतःहून फोन केला: तिसरीपासून सातवीपर्यंतची वाचनमाला नव्यानं निघते आहे, ती ह्याच अक्षरात काढायची. थोरलीनं हे अप्पांना सांगितलं. अप्पा म्हणाले, ‘शाळेत परत जाणार म्हण की ती.’ ते टाइपाबद्दल बोलत होते की बायकोबद्दल, हे विचारायची थोरलीला गरज पडली नाही. म्हाताऱ्याला जगाकडून आता दुसरं काही नको होतं.

आणि मग ते न्यायाधीशांचं पुस्तक आलं, ह्या अक्षरातलं पहिलं. थोरलीनं ते अप्पांच्या हातात ठेवलं. अप्पांनी चष्मा पुसला. पुस्तक उघडलं, लांब धरलं, जवळ धरलं. पान उलटलं. मग ते हळूच मिटून मांडीवर ठेवलं.

‘मला दिसत नाहीये गं,’ ते म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पेपर बंद केला. पाठोपाठ शब्दकोडं गेलं, मग औषधाच्या बाटलीवरचं नाव वाचणंही. ज्या माणसानं रस्त्यातून चालताना दुकानांच्या पाट्यांना नावं ठेवल्याशिवाय एक पाऊल टाकलं नव्हतं, तो आता खाली मान घालून मुकाट चालू लागला. दिवसभर खुर्चीत बसायचं आणि कुणी आलं की विचारायचं, ‘कोण आहे?’ मोतीबिंदू तर केव्हाच काढून झाला होता. थोरली रोज थेंब घालायची. डोळे उघडे धरून अप्पा वर छताकडे बघत राहायचे, आणि थेंबांपेक्षा जास्त पाणी गालावरून खाली यायचं.

धाकट्याचा नळाच्या सामानाचा धंदा. त्याच्या दृष्टीनं जगात दोनच रोग, गळती आणि तुंबणं. त्यानं पहिल्यांदा डोळ्यांवर तोडगे सुचवले, मग एक दिवस बहिणीला बाजूला घेतलं.

‘ताई, मला हे डोळ्यांचं वाटत नाही. काल मी समोर उभा होतो तर कोण आहे म्हणून विचारलं, आणि टेबलाखाली पडलेली टाचणी मात्र बरोबर उचलली. ह्याचा अर्थ काय? वरच काही तरी गडबड सुरू झालीय.’ त्यानं डोक्याकडे बोट दाखवलं. ‘तू दिवसभर कामावर, मी दुकानात. एक चांगली जागा आहे बघ, बाग आहे, नर्स आहेत.’

थोरली त्याच्यावर खेकसली. पण रात्री अंथरुणावर तिलाही धीर राहिला नाही. आई गेली आणि आता हे असे चालले, असं तिच्या मनात येत राहिलं. सगळ्यात भीती वाटली ती ह्याची की धाकट्यानं अप्पांपुढे त्या जागेचा विषय काढला, तर अप्पांनी नकारसुद्धा दिला नाही. ‘चालेल,’ म्हणाले. जन्मात कधी कुणाच्या घरी दुसरा मुक्काम न करणारा माणूस!

असे चार महिने गेले. वाचनमालेसाठी अक्षराच्या शेवटच्या फायली ज्या दिवशी पाठवायच्या होत्या, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंची वेळ मिळाली. थोरलीनं ठरवलं, सकाळी दवाखाना, संध्याकाळच्या आत फायली. धाकट्यानं दोघांना दारात सोडलं आणि तो गाडी लावायला जागा शोधत फिरत राहिला.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण दवाखाना सासऱ्यांच्या वेळचा. यंत्रावर हनुवटी टेकवून त्यांनी अप्पांचे दोन्ही डोळे तपासले, दिवा मारून आत पाहिलं, पुन्हा पाहिलं.

‘पडदा चांगला आहे, नस चांगली आहे. ह्या वयात असे डोळे मला मिळाले तर मी देवाचे आभार मानीन,’ त्या म्हणाल्या. ‘वाचायला नेमकं काय अडतं, आजोबा?’

‘दिसत नाही,’ अप्पा म्हणाले.

थोरलीनं पर्समधून पुस्तक काढलं. ते ती हल्ली सगळीकडे बरोबर घेऊन हिंडायची, लोक नातवंडांचे फोटो बाळगतात तसं. ‘हे बघा ना, डॉक्टर. ह्यांनी स्वतः काढलेली अक्षरं आहेत ही. स्वतःची अक्षरं वाचता येत नाहीत.’

डॉक्टरीणबाईंनी पुस्तक उघडलं. एक ओळ वाचली, टेबलावरचा दिवा जवळ ओढला, पुस्तक जरा तिरकं केलं. ‘सुंदर आहे हो,’ त्या म्हणाल्या, ‘पण कागद चकाकतो का?’ कागद चकाकत नव्हता. त्यांनी पुस्तक उघडंच टेबलावर ठेवलं आणि खणातून वाचनाचं कार्ड काढलं. तेही सासऱ्यांच्याच काळातलं, कडेनं पिवळं पडलेलं. वर ठळक ओळी, खाली बारीक होत होत शेवटी मुंगीएवढ्या.

‘हे वाचा. जमेल तितकं.’

अप्पांनी पहिली ओळ वाचली. दुसरी वाचली. तिसऱ्या ओळीला अडखळले, मान हलवली आणि कार्ड खाली ठेवू लागले.

‘असं नाही. शेवटच्या ओळीवर नुसती नजर टाका. काही तरी आहे एवढं तरी कळतं का?’

अप्पांनी कार्ड उचललं. क्षणभर पाहिलं, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. जिभेनं त्यांनी ‘च्च’ केलं.

‘कुठला गाढव जुळारी होता कोण जाणे,’ ते पुटपुटले. ‘परका ए घातलाय मध्येच.’

‘काय म्हणालात?’ डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

अप्पांचे कान लाल झाले. ‘काही नाही. दिसत नाही म्हटलं.’

डॉक्टरीणबाईंना काही उमगलं नाही. थोरलीला मात्र उमगलं. शिशाच्या दिवसांत काम झाल्यावर मजकूर जुळवणारा, म्हणजे जुळारी, वापरलेले खिळे परत ज्याच्या त्याच्या खणात टाकायचा. हात चुकला, तर एका टाइपाच्या खणात दुसऱ्याच टाइपाचा खिळा जाऊन पडे, आणि पुढल्या कामात तो सोवळं मोडल्यासारखा मध्येच उगवे. त्याला म्हणायचे परका खिळा. वाचणाऱ्याला तो दिसतसुद्धा नाही. पण अक्षरात आयुष्य गेलेल्या माणसाला तो दाताखाली खडा आल्यासारखा लागतो. अप्पांना तो लागला, आणि सोंग वठवता वठवता तोंडातून शिवी निसटली. एरवी सगळं जमतं माणसाला, धंद्याची खोड तेवढी लपत नाही.

थोरलीनं कार्ड हातात घेतलं. शेवटची ओळ नाकाशी नेऊन तिनं शोधलं, तेव्हा सापडला तो: सपाट पोटाचा, दुसऱ्याच कुठल्या टाइपाचा ‘ए’. तिच्या डोळ्यांनाही तो पटकन दिसला नव्हता. म्हणजे अप्पांना दिसतं! तिला इतका आनंद झाला की तिनं अप्पांचा दंड घट्ट धरला. अप्पांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

आणि मग तिचं लक्ष गेलं ते त्या कार्डाच्या बाकीच्या अक्षरांकडे. छोट्या ‘ए’चं पोट सुटलेलं. ‘ओ’ मागे रेललेला. ‘आर’चा पाय ऐसपैस. आईच होती ती. जुनी, शिशातली, कागदात रुतून बसलेली. कार्डाच्या त्या ओळींशेजारी टेबलावर न्यायाधीशांचं पुस्तक उघडं पडलं होतं. तोच ‘ए’, तोच ‘ओ’, तोच ‘आर’. पण अंगावर मांस नाही. जाड रेघ तेवढी जेमतेम उभी, बारीक रेघा तर कागदात विरघळून गेलेल्या, टाचा टेकल्यात न टेकल्यात. ‘ओ’च्या दोन्ही बाजू नुसत्या कंसासारख्या दिसत होत्या. भिंतीएवढ्या फलकावर जी नजाकत वाटली होती, ती पुस्तकाच्या पानावर उपासमार झाली होती.

थोरलीला कारण लगेच कळलं. कारखान्यात एक रीत होती. चित्र काढताना अक्षर मुद्दाम अंगानं कमी काढायचं. खिळ्याला शाई लागून तो कागदावर दाबला जातो, तेव्हा शाई चहूकडे जराशी पसरते आणि अक्षर भरून येतं. चित्रात जे कमी ठेवलं ते शाई पुरं करते. जुनी माणसं त्याला शाईचा वाटा म्हणायची. ‘वाटा ठेवलास का रे?’ असं एकमेकांना विचारायची. आताची छपाई गुळगुळीत, शाई जागची हलत नाही. थोरलीला हे ठाऊक नव्हतं असं नाही. तिनं हे लहानपणापासून ऐकलं होतं. पण वडिलांच्या हातचं चित्र समोर आलं तेव्हा तिला वाटलं, हेच पूर्ण, हेच खरं; आणि छापलेलं ते डागाळलेलं. दुसरा कुणी त्रयस्थ असता तर त्यानं जुनं पुस्तक आणून शेजारी धरलं असतं. लेकीनं ते केलं नाही.

‘मेंदूच्या डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या,’ डॉक्टरीणबाई चिठ्ठी लिहीत म्हणाल्या. थोरलीनं मान डोलावली. तिला काहीही ऐकू येत नव्हतं.

गाडीत धाकटा एकटाच बोलत होता. मेंदूचे डॉक्टर त्याच्या एका गिऱ्हाइकाचे साडू निघाले होते, आणि त्या बागवाल्या जागेत पुढच्या महिन्यात खोली रिकामी होत होती. मागच्या सीटवरून अप्पा दर वाक्याला ‘चालेल’ म्हणत होते. थोरली खिडकीबाहेर बघत होती. घराशी उतरवून धाकटा दुकानात गेला.

अप्पा स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसले आणि शर्टाचं वरचं बटण सोडवू लागले. थोरली ओट्याला टेकून उभी राहिली.

‘अप्पा, परका ए कितव्या शब्दात होता?’

बटण काही सुटेना. ‘शेवटून दुसऱ्या,’ अप्पा म्हणाले.

‘म्हणजे सगळं दिसतं.’

‘दिसतं.’

‘पेपर?’

‘तुम्ही दोघं गेलात की शेजाऱ्यांचा आणतो. परत घडी घालून ठेवतो.’

थोरलीला हसू यायला हवं होतं, ते आलं नाही. ‘आम्ही इथे मरतोय काळजीनं! मी रोज तुमच्या डोळ्यांत औषध घालतेय. तो तुम्हाला वेडं ठरवून त्या बागेत नेऊन टाकायला निघालाय आणि तुम्ही चालेल म्हणताय! गेला असतात तिथे? खरंच?’

‘गेलो असतो.’

‘का पण?’

‘एकदा दिसत नाही म्हटल्यावर मग काय करणार? तुझं पुस्तक दिसत नाही आणि पेपर तेवढा दिसतो, असं कसं चालेल? तू काही दुधखुळी नाहीस. लगेच कळलं असतं तुला.’

‘मग कळू द्यायचं होतं! अक्षर बारीक झालं, एवढंच ना? चार शब्द. मी काय खाल्लं असतं तुम्हाला?’ बोलता बोलता तिचा आवाज चढला. ‘तुमच्या चित्राचा केस इकडचा तिकडे केला नाही मी, अप्पा. केससुद्धा नाही.’

‘तेच झालं ना गं. मीच कमी काढलं होतं. शाई भरेल म्हणून.’

‘तुम्ही विचारलं होतंत मला. छापलेलं बघतेस ना म्हणून.’

‘हो. आणि तू म्हणालीस, तुमच्या हातचं अस्सल पुढे आहे. तेव्हाच बोलायला हवं होतं मी. पण बरं वाटलं. माझ्या हाताला इतकं कुणी मानलं नव्हतं कधी.’ अप्पांनी बटणाचा नाद सोडला. ‘पुस्तक आलं तेव्हाही सांगणारच होतो. तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं. वाचता येत होतं मला. बघवत नव्हतं.’

थोरलीनं ओट्यावरचं भांडं उचलून पुसायला घेतलं. अप्पा बोलतच होते.

‘ती शेवटी कशी झाली होती, तुला आठवतंय ना? दवाखान्यात? तिच्या बांगड्या कोपरापर्यंत चढायच्या. मी हे अक्षर काढलं तेव्हा चांगली अंगानं भरलेली होती. जिना चढली की जिना वाजायचा. तू पुस्तक दिलंस, मी उघडलं, आणि पानभर तीच. दवाखान्यातली. तू समोर इतकी खूश होऊन उभी होतीस. कसं सांगायचं?’

थोरलीला रडू फुटलं. आईच्या ओठांत चमच्यानं पाणी घालणारी तीच होती, तिला आठवायची काय गरज. तिला आईसाठी रडू येत होतं, अप्पांसाठी येत होतं, आणि त्याच वेळी त्या म्हाताऱ्याचा इतका संताप आला होता की हातातलं भांडं आपटावंसं वाटत होतं. तिचं मन सांभाळायला म्हणून तो आंधळा झाला होता, आणि तिला त्यानं एक शब्द ऐकायच्या लायकीची समजलं नव्हतं.

तोंड धुऊन तिनं घड्याळाकडे पाहिलं. फायली जायला दुपार शिल्लक होती.

‘वाचनमालेचं काय करायचं?’ ती म्हणाली.

अप्पा चटकन वर बघत म्हणाले, ‘जाऊ दे तशीच.’

‘अप्पा!’

‘जाऊ दे गं. बाईंना आवडलंय ना? सगळ्यांना आवडलंय. पोरांचे डोळे चांगले असतात, पोरं वाचतील. पुढच्या खेपेला तू सुधार.’ त्यांचा हात टेबलावर उगाच फिरत होता. ‘एकदा शाळेत जाऊ दे तिला. मी काही पुढल्या खेपेला असणार नाही.’

एवढा हट्ट अप्पांनी उभ्या जन्मात केला नव्हता. आणि खरं सांगायचं तर थोरलीच्या मनातही तेच होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. कुणीही तक्रार करणार नव्हतं. बारीक अक्षराची तक्रार कोण करतं? ज्याला वाचता येत नाही तो अक्षराला बोल लावत नाही, स्वतःलाच लावतो. चौथीतलं एखादं पोर ओळीवर अडखळेल, ओळ चुकून पुन्हा वरच्या ओळीवर जाईल, मास्तर ओरडतील, आणि पोराला वाटेल आपलंच डोकं चालत नाही. आई-बाप त्याला चष्मा करतील. चष्म्यानं भागलं नाही तर ढ म्हणतील. घरातच नाही का झालं हे? अक्षर चुकलं आणि सगळ्यांनी मिळून अप्पांचं डोकं तपासायला घेतलं.

तिनं फोन उचलला.

कचेरीतल्या बाई आनंदात होत्या. फायलींचीच वाट बघतोय म्हणाल्या.

‘बाई, अक्षर पाठवू नये असं झालंय,’ थोरली म्हणाली. ‘ते बारीक आहे. लहान आकारात वाचायला त्रास होतो.’

‘असं कसं? सगळ्यांना किती आवडलंय. काही घरचं आहे का? वडिलांना बरं नाही ना? तसं असेल तर मी वर तसं कळवते.’

इतकी सोपी वाट होती. टेबलापाशी अप्पा तिच्याकडे टक लावून बघत होते.

‘वडिलांची तब्येत उत्तम आहे,’ थोरली म्हणाली. ‘माझं चुकलंय. मूळ अक्षर चांगलं आहे, मी उतरवताना बिघडवलं. मला तीन महिने द्या, मी सगळं भरून काढते.’

मग बाई बोलल्या त्या वेगळ्या आवाजात. महिने कुठून आणायचे? शाळा थांबतात का? कागद येऊन पडलाय, यंत्रं ठरलीत. दुसरं अक्षर बघावं लागेल, आजच. आणि आता एकदा दुसरं घेतलं की पुढची दहा वर्षं तेच राहणार, हे त्यांनी चिडून सांगितलं नाही, सरळ सांगितलं. बिनटाचांचं का होईना, निदान भरवशाचं, असंही म्हणाल्या. थोरली ‘हो’ म्हणत राहिली. मग तिनं फोन ठेवला.

अप्पांना सगळं ऐकू गेलं होतं. कान तर पहिल्यापासून शाबूत होते.

‘दहा वर्षं म्हणाल्या का?’

‘हो.’

अप्पांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्म्याशिवायचा त्यांचा चेहरा एकदम लहान दिसायचा. थोरली खुर्ची ओढून त्यांच्यापाशी बसली. बाहेर कुणी तरी दुकानाचं शटर वर ढकललं, त्याचा आवाज झाला आणि थांबला.

‘मी पहिल्याच दिवशी बोललो असतो,’ अप्पा म्हणाले, ‘तर?’

काय म्हणायला हवं ते थोरलीला ठाऊक होतं. वेळ तेव्हाही गेलेलीच होती, अप्पा. तुमचा त्यात काय दोष. एवढं म्हटलं असतं की म्हाताऱ्याच्या जिवाला स्वस्थता मिळाली असती. पण त्यांचे डोळे तिच्यावर होते, चांगले लख्ख डोळे, आणि ह्या घरात एकमेकांना जपण्यापायी आधीच पुष्कळ झालं होतं.

‘तर शाळेत गेली असती ती,’ थोरली म्हणाली.

‘हो,’ अप्पा म्हणाले. ‘मलाही तेच वाटलं.’